दुसऱ्या मजल्यावर एकही तक्रार नाही

आमच्या जनसंपर्क कार्यालयात दोन गोष्टी साठतात, शाली आणि किस्से. शालींसाठी लोखंडी कपाट आहे. किश्श्यांसाठी काही नाही, म्हणून ते माझ्याकडे राहतात. कोणी चहाला टेकलं की मी एखादा काढते. ते हसतात, मीपण हसते. मग ते निघून जातात, मी कप विसळत उभी राहते आणि तेव्हा लाज वाटायला लागते. हसण्याच्या आधी वाटली असती तर काही उपयोग झाला असता.

यातल्या काही किश्श्यांत मूर्ख ठरतात ते अप्पा, काहींत दीक्षित काका. आणि जे मी सहसा काढत नाही त्यांत मी. आज सगळे ओळीने सांगते. शेवटून तिसरा अजून कोणाला सांगितलेला नाही.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको.

मी वैदेही. इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. विषय राहून केटी लागल्या, बाबा ओरडले, मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी शहाडला कॉलेजला जायला उठलेच नाही. बाबा म्हणाले, "जगात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." बाबांचं जग म्हणजे आमच्या सोसायटीची ए आणि बी विंग. तेव्हापासून मी डोंबिवलीत सुभेदारांच्या कार्यालयात बसते. अर्ज लिहिते, फोन घेते, बॅनर आणि रील बनवते.

सुभेदार म्हणजे आमचे नगरसेवक. खाडीकडच्या गावातले. आजोबांच्या काळी घरची मिठागरं होती, आता तिथे टॉवर आहेत, आणि टॉवर भावकीच्या वाट्याला आलेत. हे सैन्यात गेले. गस्तीवर असताना सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. त्यानंतरही काही वर्षं ते फौजेतच स्टोअर सांभाळत होते, मग निवृत्त होऊन घरी आले. नकली पायाला ते "बदली" म्हणतात. "मूळ माणूस सुट्टीवर गेलाय, हा बदलीवर आलाय." त्याचा एखादा नट सैल झाला की वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जातात. तिथला मिस्त्री त्यांना स्टुलावर बसवतो आणि विचारतो, "साहेब, सर्व्हिसिंग की नुसतं ऑइलिंग?"

मला ते नावाने हाक मारायचे नाहीत. पहिल्या दिवशी मी "शिपाई" होते. एक अर्ज एकाही खाडाखोडीशिवाय लिहिला तेव्हा "लान्स नाईक" झाले. निवडणुकीआधी "हवालदार"पर्यंत पोचलेले. कॉलेजात तीन वर्षांत मला कोणी एवढं वर चढवलं नव्हतं.

*

सुभेदार राजकारणात आले ते एका जिन्यामुळे.

निवृत्तीनंतर घरपट्टीतल्या सवलतीचा अर्ज द्यायला ते प्रभाग कार्यालयात गेले. खालच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "दिव्यांग कक्ष दुसऱ्या मजल्यावर." लिफ्ट नाही. जिन्यात एका बाजूला जुन्या फायलींची कपाटं लावलेली, त्यामुळे एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. सुभेदार कठडा धरून धरून वर पोचले. घामाने शर्ट ओला. तिथल्या क्लार्कला म्हणाले, "अहो, ही खोली खाली का नाही?"

क्लार्कने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्ही आलात ना चढून? मग अडचण काय आहे?"

"ज्यांना चढता येत नाही ते काय करतात?"

"ते येत नाहीत," क्लार्क म्हणाला. आणि मग जरा अभिमानाने, "साहेब, दुसऱ्या मजल्यावर आजपर्यंत एकही तक्रार आलेली नाही."

जिना उतरताना सुभेदारांनी ठरवलं की निवडणूक लढवायची. काम एकच. ती खोली खाली आणायची. बाकीचे इच्छुक रस्ते, गटारं, पाणी म्हणायचे. हे म्हणायचे, "खोली खाली." एवढंसं काम घेऊन कोणी राजकारणात येतं यावर कोणाचा विश्वास बसेना. लोकांना वाटायचं, काहीतरी मोठं मनात आहे, सांगत नाहीये.

तळमजल्यावर खोली नव्हती असं नाही. एक चांगली मोठी एसी खोली होती. दारावर पाटी, "मान्यवर प्रतीक्षा कक्ष". त्यात रोज सकाळी अकरा ते दीड अप्पा बसायचे.

*

अप्पा म्हणजे आमच्या पक्षाचे इथले सर्वेसर्वा. स्वतः कधीकाळी नगरसेवक होते, आता नगरसेवक बनवतात. शेती विकून झाली, आता गळ्यातली चेन आणि पांढरे बूट राहिलेत. तिकीट मागायला सुभेदार त्यांच्या बंगल्यावर गेले तेव्हा अर्ज लिहिणारी म्हणून मीपण सोबत होते.

अप्पांनी चहा मागवला, विचारपूस केली आणि मग सोफ्यावर पुढे सरकून म्हणाले, "सुभेदार, जरा पँट वर करा. बघू दे."

सुभेदारांना वाटलं, काळजीने विचारतायत. त्यांनी पँट घोट्याच्या वर थोडी उचलली. अप्पांनी वाकून पाहिलं. मग मागे रेलले, एकदम नाराज.

"एवढा चांगला कशाला घेतला? कळतच नाय."

"काय कळत नाही?"

"पाय नाय ते! तुम्ही चालत आलात तेव्हा मी बघत होतो. शेजाऱ्याचा पाय मुरगळलाय एवढंच वाटतं. लोकांना कळलं पाहिजे, सुभेदार. आपण काय, हाफ पँट घालायची प्रचारात."

सुभेदारांनी पँट खाली केली, इस्त्रीची घडी बोटांनी सरळ केली. "हाफ पँट मी पीटीला घालतो. मत मागायला नाही."

मी हसले. म्हणजे सुभेदारांच्या उत्तराला नाही, त्याच्या आधी, अप्पांच्या "शेजाऱ्याचा पाय" वर. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिकीट मिळालं.

*

दीक्षित काका आमच्याच सोसायटीतले. बँकेतून निवृत्त, ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष, आणि मी इंजिनीअरिंग सोडल्याची बातमी बी विंगमध्ये नेली ती यांनीच. बोलणं एकदम शुद्ध.

पंधरा ऑगस्टला त्यांनी सुभेदारांचा सत्कार ठेवला. सोसायटीच्या आवारात, उन्हात. शाल, श्रीफळ झालं. सुभेदार खुर्चीकडे वळले, तेवढ्यात काका माइकवर म्हणाले, "एक क्षण! वीरांच्या सन्मानार्थ आपण सर्वांनी उभे राहूया, आणि माझे मनोगत पूर्ण होईपर्यंत कृपया कोणीही बसू नये."

सगळे उभे. सुभेदार सर्वांत पुढे उभे, कारण सन्मान त्यांचाच. मनोगत संपेना. शौर्य झालं, संस्कार झाले, आजच्या पिढीचा मोबाईल झाला. पंधरा मिनिटांनी मी पायरीवर बसले. सुभेदारांची मान ताठ, पण डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या पाठीवर घट्ट, हे मला दिसत होतं. मला जाऊन म्हणता आलं असतं की साहेब, बसा. मी फोन काढला आणि फोटो घेतला. चांगला आला.

शेवटी काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बघा! एक पाय नसलेला माणूस अर्धा तास उभा आहे, आणि दोन पाय असलेली ही मुलगी बसली आहे!"

"काका," मी म्हणाले, "त्यांना बसायला सांगायचं एवढं तुम्हाला सुचलं असतं तर दोघंही बसलो असतो."

घरी बाबांनी दोन दिवस अबोला धरला. पण खरं सांगू का, ते वाक्य मला अर्धा तास उशिरा सुचलेलं.

त्याच महिन्यात आमच्याच सोसायटीच्या दाराशी रॅम्प करावा असा अर्ज सुभेदारांनी दिला. काकांनी लेखी उत्तर पाठवलं. "इमारतीच्या दर्शनी भागाचे सौंदर्य बाधित होईल." खाली सही, आणि सहीखाली, "आपल्या शौर्यास विनम्र अभिवादन."

*

दहीहंडीला अप्पांनी सुभेदारांना ठाण्याला नेलं, टेंभी नाक्याच्या अलीकडे एका मंडळाच्या स्टेजवर. मोठे लोक येणार, ओळख होईल म्हणून. निवेदकाच्या हातात अप्पांनी आधीच चिठ्ठी दिलेली.

निवेदक गरजला, "आता आपल्यासमोर येत आहेत, कारगिलच्या बर्फात ज्यांनी आपला पाय मातृभूमीला अर्पण केला, असे..."

टाळ्या, शिट्ट्या, डीजे. सुभेदारांनी माइक मागून घेतला. सगळ्यांना वाटलं, घोषणा देणार.

"एक दुरुस्ती आहे," सुभेदार म्हणाले. "कारगिल झालं तेव्हा मी ट्रेनिंग सेंटरला होतो. डावा पाय कुठला आणि उजवा कुठला ते शिकत होतो. पाय नंतर गेला, आणि अर्पण वगैरे केला नाही. मला खाली सुरुंग दिसला नाही."

डीजेवाल्याला कळेना की आता काय वाजवायचं.

परतीच्या गाडीत अप्पा ठाण्यापासून कल्याण फाट्यापर्यंत गळ्यातली चेन फिरवत बसले. मग म्हणाले, "कोण विचारत होतं तुम्हाला?"

"कोणी नाही. म्हणूनच सांगितलं."

*

आता माझे किस्से.

सुभेदार रोज दुपारी एक वाजता कार्यालयाच्या मागच्या खोलीत जायचे, पाय काढायचे, भिंतीला टेकवून ठेवायचे आणि अर्धा तास तसेच बसायचे. घाम साठतो, कातडी सोलवटते, म्हणून. पावडर लावायचे, मोजा बदलायचे, तेवढ्यात दोन अर्ज वाचायचे. त्या वेळी आत कोणी जायचं नाही हा नियम. मी चहा द्यायला जायचे, कारण मला परवानगी होती.

एकदा ते खिडकीशी बसलेले. पँटचा डावा पाय दुमडलेला, एका हातात अर्ज, एका हातात कप, वर उजेड. मी फोटो काढला. त्यांना कळलं नाही. कोणाला दाखवायचा नव्हता, नुसता आवडला म्हणून.

प्रचार सुरू झाला तेव्हा अप्पा माझ्या फोनमधले फोटो चाळत होते. थांबले. "हा. हाच पाहिजे."

मी म्हणायला हवं होतं, साहेबांना विचारते. मी म्हणाले, "क्वालिटी चांगली आहे ना?"

बॅनरचा आमच्याकडे एक नियम असतो. मोठ्या नेत्याचं तोंड एका बाजूला, आणि बाकी सगळ्यांनी त्यांच्याकडे बघायचं. पाठ कोणाची करायची नाही. सुभेदार फोटोत नेमके उलट्या बाजूला बघत होते. मी फोटो आडवा फिरवला, आरशात दिसतो तसा. आता ते नेत्याकडे बघत होते. पाठवून दिला प्रिंटिंगला.

सकाळी नाक्यावर वीस फुटी बॅनर लागलेला. सुभेदार त्याच्याखाली उभे राहून वर बघत होते. मी धावत गेले. मला वाटलं, फोटो न विचारता वापरला म्हणून ओरडतील.

"हवालदार," ते म्हणाले, "माझा उजवापण गेला वाटतं."

दुपारपर्यंत विरोधकांचा व्हिडिओ आला. बॅनरवर उजवा पाय नाही, आणि ठाण्याला हा माणूस स्वतः म्हणतो की कारगिलला नव्हतो. मग खरं काय? आहे का मुळात काही गेलेलं? संध्याकाळी रिक्षा स्टँडवर पन्नासएक लोकांनी सुभेदारांना अडवलं. कोणी वाईट बोलत नव्हतं. नुसतं विचारत होते, "साहेब, नक्की कुठला?"

ज्या माणसाने अप्पांच्या सोफ्यावर घोट्याच्या फार वर पँट नेली नव्हती, त्याने स्टँडवर रिक्षाला टेकून डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. एक जण पुढे झाला आणि त्याने खाली वाकून बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं. दारावर करतात तसं. "खरंच आहे," तो मागे वळून बाकीच्यांना म्हणाला.

मी शूट करत होते. माझं कामच ते. आमच्या पेजवर त्याच्याइतका दुसरा कुठलाही व्हिडिओ चाललेला नाही.

"बघ," अप्पा म्हणाले, "मी पहिल्या दिवशी बोललो होतो."

सुभेदारांनी मला हवालदारावरून खाली उतरवून नाईक केलं. त्यावर मी हसले, तेही हसले. मला वाटलं, फिटलं.

*

हा तो, न सांगितलेला.

प्रचाराचा शेवटचा दिवस. दुपारी तीनला रॅली. अप्पांना सुभेदार त्यात कुबड्यांवर हवे होते, नकली पाय न लावता. सुभेदार दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "अप्पा, मी फौजेतून चालत घरी आलो. मतं मागायला पण चालतच जाणार."

अप्पा मग माझ्याकडे आले. बाहेर बाकड्यावर माझ्या शेजारी बसले. नेहमीसारखं ओरडले नाहीत, हेच वाईट झालं.

"पोरी, वातावरण टाइट हाय. तो हरला तर ती खोली वरच राहील. पुढची पाच वर्षं. बरोबर?"

"बरोबर."

"मग त्याचंच काम कर. आत जायला परवानगी तुलाच हाय."

मी अप्पांना तोंडावर बरंच काही बोलते. लोकांना वाटतं, मी कोणाला घाबरत नाही. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "किती वेळ?"

एक वाजता सुभेदार मागच्या खोलीत गेले. मी चहा घेऊन गेले. रॅलीपर्यंत विश्रांती म्हणून ते डोळे मिटून पडलेले, उशाशी भाषणाचा कागद. भिंतीला टेकवलेला पाय मी उचलला. हलका असेल असं वाटलेलं, चांगला जड होता. बुटासकट. बाहेर आणून शालींच्या कपाटात, सगळ्यात खाली, घातला. वरून शाली सारख्या केल्या. कपाटाला कुलूप कधी नसतं. त्या दिवशी मी लावलं.

पावणेतीनला आतून आवाज आला नाही. मी वाट बघत होते की ते विचारतील. विचारलं असतं तर मी दिला असता, हे मी स्वतःला आजपर्यंत सांगते. ते दारात आले. कोपऱ्यातल्या कुबड्या काखेत घेतल्या होत्या, पँटचा पाय पिन लावून दुमडला होता, नीट, चौकोनी. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

रॅलीत बायका खिडक्यांतून फुलं टाकत होत्या. एक म्हातारे गृहस्थ रडले. दीक्षित काकांनी आमच्या गेटवर उभं राहून सॅल्यूट केला. सुभेदार कुबड्यांवर तीन किलोमीटर गेले. काखेत कातडी निघाली ते दुसऱ्या दिवशी शर्टावर दिसलं.

मी रॅलीला गेले नाही. पाय काढून, पुसून, होता तिथे भिंतीला टेकवून ठेवला. संध्याकाळी ते आले, मागच्या खोलीत गेले, पाय लावून बाहेर आले.

"वैदेही," ते म्हणाले, "जाताना दार लावून घे."

आम्ही जिंकलो. चांगल्या फरकाने जिंकलो. पेढे मीच वाटले. त्या दिवसापासून मी वैदेही. शिपाई नाही, नाईक नाही. लोक म्हणतात, नगरसेवक झाल्यावर साहेब तुझ्याशी किती आदराने बोलतात.

*

निवडून आल्यावर सुभेदारांनी पहिल्याच बैठकीत विषय मांडला. खोली खाली. अधिकारी म्हणाले, सूचना अत्यंत स्तुत्य आहे. सर्वांनी बाकं वाजवली. तीन आठवड्यांत अंमलबजावणी झाल्याचं पत्र आलं.

आम्ही बघायला गेलो. तळमजल्यावर नवीकोरी पाटी. "दिव्यांग कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे. कृपया जिन्याचा वापर करावा." बाण वर. पाटीला हार. उद्घाटन अप्पांच्या हस्ते आदल्या दिवशीच होऊन गेलेलं, नारळाचं पाणी अजून फरशीवर होतं.

सुभेदारांनी पुन्हा पत्र दिलं. मग बेल आली. खाली बटण दाबायचं, वर बेल वाजणार, क्लार्क खाली येणार. चांगली कल्पना होती. फक्त वायर कमी पडली, म्हणून बटण जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसवलं.

"मान्यवर कक्ष द्या ना," सुभेदार अप्पांना म्हणाले. "रिकामाच असतो."

अप्पांना खरोखर वाईट वाटलं. "रिकामा कसा? मी असतो की."

मी हा किस्सा शंभरदा सांगितलाय. सहाव्या पायरीवर सगळे हसतात. ती वायर बघायला कोणी जात नाही.

*

ती खोली पुढे महिन्याभरात खाली आली. अप्पा आता घरी बसतात, पाटी उतरली. हे पेपरात आलंय, फोटोसकट, ते मी सांगत नाही. ज्या दिवसामुळे आली तो दिवस सांगते.

बेलची पाहणी करायला पालिकेतून एक मोठे अधिकारी आलेले. सोबत फाइल धरणारे दोघं. अप्पा नारळ घेऊन हजर. दीक्षित काका ज्येष्ठ नागरिक मंडळासह. मी फोन घेऊन, शूट करायला. या अधिकारी साहेबांची बैठक दुसऱ्या मजल्यावर होती, सगळे जिन्याशी गोळा झाले.

सुभेदार पहिल्या पायरीवर बसले. आम्हाला वाटलं, दमले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, पट्टे सोडले आणि पाय काढला. बुटासकट. मग समोर धरला.

"अप्पा, जरा धरा. तुम्हीच म्हणालेलात, लोकांना कळलं पाहिजे."

अप्पांच्या एका हातात नारळ होता. दुसऱ्या हातात त्यांनी पाय धरला, आणि मग दोन्हीचं काय करायचं ते त्यांना कळेना.

सुभेदार बसल्या बसल्या, पाठीमागे, एकेक पायरी वर सरकायला लागले. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकायचे, उजवा पाय रेटायचा, वर. पुन्हा. तोंड आमच्याकडे. एका बाजूला फायलींची कपाटं, त्यामुळे त्यांना ओलांडून कोणाला जाता येईना. मोठे साहेब त्यांच्यामागोमाग, म्हणजे त्यांच्यासमोरच, एकेक पायरी चढत होते, आणि नजर ठेवायला दुसरी जागा नव्हती.

"साहेब, गाव कुठलं तुमचं?" सुभेदारांनी विचारलं. हात टेकले, वर.

"सातारा बाजूला."

"छान. आमच्या कंपनीत सातारचे खूप." वर. "आईवडील आहेत?"

"आई आहे."

"चालते-फिरते?"

साहेबांनी एका हाताने कठडा धरला. सहाव्या पायरीवर सुभेदार थांबले, हात लांब करून बेलचं बटण दाबलं. वर कुठेतरी बेल वाजली. कोणी आलं नाही. ते पुन्हा सरकायला लागले.

दीक्षित काकांनी खाली हात जोडलेले. "केवढी ही जिद्द," ते म्हणाले. मग बहुतेक त्यांनाच ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. हात सोडले.

मी शूट करत नव्हते. फोन कधी खिशात गेला कळलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर पोचल्याचं आवाजावरून कळलं. सगळे जिन्यात गप्प, म्हणून वरचं स्वच्छ ऐकू येत होतं.

"तक्रार नोंदवायची आहे," सुभेदार म्हणाले. दम लागलेला. "दुसऱ्या मजल्यावरची पहिली."

तोच क्लार्क. चाचरत म्हणाला, "साहेब... आवकचं रजिस्टर खाली असतं. तक्रार तळमजल्यावर नोंदवावी लागते."

कोणीच हसलं नाही. मग जिन्याच्या पोकळीतून त्यांची हाक आली, परेडच्या मैदानावर देतात तशी.

"शिपाई!"

खाली पालिकेचे दोन शिपाई होते. दोघांनी वर पाहिलं. मला कळलं, हाक मला आहे.

"रजिस्टर घेऊन वर ये. आणि अप्पांच्या हातातला बदली आण." थोडा थांबून, "या वेळी शालींच्या खाली नको ठेवूस."

दीक्षित काका माझ्याकडे वळले. मंडळातले सगळे वळले. अप्पांनी पाय माझ्या हातात दिला आणि भिंतीवरची बाणाची पाटी वाचायला लागले.

मी रजिस्टर काखेत मारलं. पाय आतून अजून गरम होता. मी जिना चढायला लागले.